वारसाहक्काने आलेले तेल आणि ‘एक-अष्टमांशाचे निम्मे’

पश्चिम टेक्सासातल्या मिडलंड, मार्टिन, हॉवर्ड या कौंट्यांमधले वारसाहक्काने आलेले तेलहक्क लीजवर (तेल कंपनीला भाडेपट्ट्याने) द्यावेत, तसेच ठेवावेत की विकून मोकळे व्हावे, हा प्रश्न गेल्या दीड दशकात असंख्य वारसांपुढे येऊन पडला आहे. यातल्या अनेकांच्या हाती आता जमीन नाही. पणजोबांनी रँच विकले तेव्हा खालच्या खनिजांचा काही हिस्सा खरेदीखतात राखून ठेवला. वरची माती दुसऱ्याची झाली, खालचे तेल घरात राहिले. पुढे घर पांगले. मग दूर कुठल्या तरी शहरात राहणाऱ्या पणतीला पत्र येते, की अमुक कौंटीत तुमच्या नावावर खनिजे दिसतात, लीज देता का? किती खनिजे, ते पत्रात धड लिहिलेले नसते. भांडणाचे मूळ तिथेच आहे.

महाराष्ट्रात हा पेच पडत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे ठेवला, त्यामुळे भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या झाल्या तरी बांधाखालच्या खनिजांवरून होत नाहीत. टेक्सासातही स्पॅनिश अमलापासून खनिजे सत्तेचीच मानली जात. १८६६ च्या राज्यघटनेने तोवर विकल्या गेलेल्या जमिनींखालची खनिजे मालकांना सोडून दिली. त्यामागचा वाद तेलाचा नव्हता, दक्षिणेकडच्या मिठाच्या तळ्याचा होता. मिठासाठी मोकळ्या केलेल्या दारातून पुढे तेल आत आले. १९०१ मध्ये बोमाँटजवळ स्पिंडलटॉप उसळले, १९२३ मध्ये रेगन कौंटीत सांता रीटा विहीर लागली, आणि पश्चिम टेक्सासातल्या वैराण कुरणांच्या खरेदीखतांत खनिजे राखून ठेवण्याची कलमे दिसू लागली.

त्या काळच्या लीजमध्ये एक आकडा जवळजवळ ठरलेला होता: एक-अष्टमांश. कंपनी खर्च करून विहीर खोदणार, तेल निघाले की आठातला एक भाग मालकाचा, सात कंपनीचे. ही प्रथा इतकी मुरली होती की रॉयल्टी म्हटले की एक-अष्टमांश, हे कोणी वेगळे सांगत नसे. खरेदीखत लिहिणाऱ्यांच्या हाताला हा आकडा चिकटला आणि जिथे त्याची गरज नव्हती तिथेही उमटत गेला.

१९२४ साली मार्टिन कौंटीतले एक रँच विकताना विकणाऱ्या दांपत्याने जे राखून ठेवले ते शब्द असे: सर्व खनिजांच्या एक-अष्टमांशाचा अर्धा भाग. शाळेतल्या गणिताने हा एक-सोळांश होतो. पण लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते? एक समजूत तेव्हा सर्रास होती, की लीज दिली म्हणजे सात-अष्टमांश कंपनीचे झाले, मालकाजवळ उरला तो एक-अष्टमांशच. म्हणजे ‘माझ्याकडे जे आहे त्यातले निम्मे’ असे म्हणायचे असलेला माणूस कागदावर ‘एक-अष्टमांशाचे निम्मे’ लिहून बसे. कायद्याने ही समजूत चूक होती, कारण लीज संपली की सगळे मालकाकडे परत येते आणि ती चालू असतानाही खनिजांचा तो तुकडा एक-अष्टमांशापुरता आकसत नाही. पण हजारो खरेदीखते याच समजुतीवर लिहिली गेली.

तेल फारसे निघत नव्हते तोवर कोणाला फरक पडला नाही. गंमत अशी की त्या रँचच्या बाबतीत विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या अशा दोन्ही बाजूंनी जवळजवळ नव्वद वर्षे निम्मे-निम्मे असेच धरून व्यवहार केले. लीज, करार, वारसांच्या मालमत्तेच्या कोर्टात दिलेल्या याद्या, कंपनीकडचे हिश्शाचे कागद, सगळीकडे अर्धा. मग आडव्या विहिरी आल्या, त्याच मातीखालच्या शेल नावाच्या घट्ट खडकातून पैसा वाहू लागला, आणि घेणाऱ्यांच्या बाजूने खरेदीखत उघडून गणित मांडले: तुमचा एक-सोळांश, बाकी पंधरा आमचे. खालची दोन्ही न्यायालये गणिताच्या बाजूने गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. त्या काळच्या खतात दोन अपूर्णांकांचा असा गुणाकार असेल आणि त्यातला एक एक-अष्टमांश असेल, तर तो ‘संपूर्ण खनिजहक्क’ या अर्थाने वापरला आहे असे आधी धरायचे. खतातच उलट काही दिसले तर गोष्ट वेगळी. शिवाय नव्वद वर्षांच्या कागदांनी अर्धा हिस्सा मानला आहे, तेव्हा मध्ये कुठेतरी तशी देवघेव झालीच असावी असे मानायलाही न्यायालयाने जागा ठेवली.

निकालावर टीका झाली, आणि ती पोकळ नाही. खरेदीखत जे सांगते तेच खरे, वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरू नये, ही मालमत्तेच्या कायद्याची जुनी शिस्त आहे. कौंटीच्या दप्तरात खत वाचून पैसे मोजणाऱ्या तिऱ्हाइताने कशावर भरवसा ठेवायचा? तरीही इथे न्यायालयाचे पारडे मला योग्य बाजूला झुकलेले वाटते. १९२४ चा कागद १९२४ च्या डोळ्यांनी वाचायला हवा, आणि नव्वद वर्षे सगळे ज्याला अर्धा म्हणत आले त्याला भाव चढल्यावर अचानक सोळांश म्हणणे यात गणितापेक्षा लोभ जास्त आहे. त्याआधी २०१६ मध्ये याच न्यायालयाने १९४७ च्या एका मृत्युपत्रावर असाच निर्णय दिला होता. आईने तीन मुलांना प्रत्येकी एक-अष्टमांशाचा एक-तृतीयांश रॉयल्टी लिहून ठेवली होती, आणि पुढच्या लीजमध्ये रॉयल्टीचा दर वाढल्यावर एक-अष्टमांशावरचा भाग कोणाचा यावर खटला उभा राहिला. जी काही रॉयल्टी येईल तिचे तीन समान भाग, असे ठरले.

या अपूर्णांकाचे वजन कळायला एक हिशेब करून पाहू. समजा ६४० एकरांचा एक सेक्शन आहे आणि तो १,२८० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनीत, गेला. अर्धा हिस्सा राखला असेल तर कुटुंबाकडे निव्वळ ३२० एकर खनिजे, एक-सोळांश असेल तर ४०. चार मुले, प्रत्येकाला तीन अपत्ये, म्हणजे एका नातवंडाच्या वाट्याला २६.६७ एकर किंवा ३.३३ एकर. आजकाल पर्मियन या पश्चिम टेक्सासातल्या तेलपट्ट्यात एक-चतुर्थांश रॉयल्टी मिळू शकते. तेव्हा कंपनी सहीसाठी जो हिश्शाचा कागद पाठवते त्यावर दशांशात नातवंडाच्या नावापुढे अर्ध्याच्या हिशेबाने ०.००५२०८३३ असते, सोळांशाच्या हिशेबाने ०.०००६५१०४. विहीर रोज ५०० पिंपे देत असेल आणि भाव ६० डॉलर असेल तर पहिल्या हिशेबाने महिन्याकाठी सुमारे ४,७०० डॉलर, दुसऱ्याने ६०० सुद्धा पुरते नाहीत. कर आणि कपाती यातून पुढे जातात. वाद लागला की कंपनी दोन्ही बाजूंचे पैसे अडकवून ठेवते.

म्हणून लीज, राखणे आणि विक्री या तिन्ही वाटा आधी या आकड्यापाशी येऊन थांबतात. अनेक वारसांना तर लीजची वाट मोकळीच नसते. मिडलंडच्या परिसरात स्प्रेबेरीच्या थरात १९५० च्या सुमारास शेकडो उभ्या विहिरी खणल्या गेल्या. तेल प्रचंड, पण खडक इतका घट्ट की काढणे परवडेना, म्हणून जगातला सर्वांत मोठा न निघणारा साठा अशी त्याची थट्टा होई. त्यातली एखादी विहीर रोज दोन-चार पिंपे देत कुरकुरत राहिली असेल, तर आजोबांनी एक-अष्टमांशाने दिलेली लीज आजही जिवंत असू शकते, कारण ‘फायद्यात उत्पादन चालू आहे तोवर’ अशी तिची मुदत असते. जुन्या छापील लीजमध्ये खालचे थर किंवा न वापरलेले एकर सोडवून घेणारी अट सहसा नसे. नातवाने एक-चतुर्थांशाचा भाव ऐकलेला असतो आणि हातात आजोबांची सही असते. काहींना आणखी तोकडा हक्क येतो: रॉयल्टी घ्यायची, पण लीज देण्याचा अधिकार दुसऱ्याच शाखेकडे. त्यांच्यापुढे ठेवणे किंवा विकणे एवढेच उरते.

जिथे वाट मोकळी आहे तिथे घाई की धीर, याचे उत्तर भावाने वेळोवेळी वेगळे दिले आहे. २००८ च्या उन्हाळ्यात तेल १४७ डॉलरपर्यंत गेले आणि वायूचे भावही चढलेले होते, तेव्हा फोर्ट वर्थ शहरातल्या साध्या घरांच्या मालकांना बार्नेट शेलच्या लीजसाठी एकरी २० हजार डॉलरहून जास्त बोनस (सहीपोटी मिळणारी एकरकमी रक्कम) देऊ केला जात होता. आणखी वाढेल म्हणून काही वस्त्या थांबल्या. त्याच वर्षीच्या पानगळीत कंपन्यांनी देकार मागे घेतले. दुसरीकडे, स्प्रेबेरीचा साठा निरुपयोगी मानून ज्यांनी गेल्या शतकात खनिजे किरकोळ किमतीला फुंकली, त्यांच्या शेजाऱ्यांनी निव्वळ आळसाने ठेवून पुढे लाखो कमावले.

काहीच न करणे हीही एक कृतीच ठरते, पण कोणत्या राज्यात त्यावर ते अवलंबून. टेक्सासात न वापरलेली खनिजे आपोआप बुडत नाहीत. मात्र एका हिस्सेदाराने लीज दिली तर दुसऱ्याच्या नकाराने विहीर थांबत नाही, नकार देणाऱ्याला खर्च वजा जाता नफ्यातला भाग मिळतो, तोही खर्च वसूल झाल्यावर. ओक्लाहोमात युनिटमधल्या सगळ्या मालकांचे हक्क सक्तीने एकत्र आणण्याचा आदेश निघाला की साधारण २० दिवसांत पर्याय निवडावा लागतो. नॉर्थ डकोटात १९८३ पासून २० वर्षे न वापरलेली, न नोंदवलेली खनिजे वरच्या जमिनीचा मालक नोटीस देऊन मागू शकतो. लुइझियानात जमिनीपासून तोडलेला खनिजहक्क १० वर्षे वापरला नाही तर संपतो. इंडियानाचा असाच कायदा केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला, आणि त्यानंतर मालकाने जागे राहावे हीच अपेक्षा पक्की झाली. ओहायोत १९८९ च्या कायद्याने खनिजे आपोआप गेली की त्यासाठी कोर्टात जावे लागत होते, हे ठरायला २०१६ उजाडले.

विक्रीचा बाजार आजच्या रूपात अगदी अलीकडचा. पूर्वी गावोगावचे दलाल थोडी खनिजे उचलत. २०१४ पासून निव्वळ रॉयल्टी गोळा करणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात उतरल्या आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला. विहीर चालू असेल तर महिन्याच्या उत्पन्नाच्या तीन ते पाच वर्षांइतका देकार हा ठोकताळा त्याच बाजारातला. तो फसवा आहे, कारण शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त खाली येते, आणि न खणलेल्या विहिरींची किंमत त्यात धरलेली असतेच असे नाही. पत्रासोबत कधी छापील खरेदीखत आणि धनादेशासारखा दिसणारा ड्राफ्ट येतो. बारीक अक्षरांत लिहिलेले असते की कागदपत्रे पसंत पडल्यास तीस बँक-दिवसांत पैसे. खत सही करून गेलेले, पैसे मात्र खरेदीदाराच्या मर्जीवर, अशी ती गाठ. एप्रिल २०२० मध्ये तेलाचा वायदा शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तेव्हा खनिजे विकायला ती वेळ वाईट होती, पण पैशांची निकडही तेव्हाच होती.

कराचा भाग बहुतेक वारसांना उशिरा कळतो. केंद्रीय कायद्यात वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. त्यामुळे लगेच विकले तर करपात्र नफा थोडा उरतो. लीजचा बोनस आणि रॉयल्टी हे मात्र साधे उत्पन्न, रॉयल्टीवर साठा घटल्यापोटी १५ टक्के वजावट मिळते. आजोबांच्या मृत्यूवेळी खनिजांचे मूल्यांकन कोणी करून ठेवले नसेल, तर वीस वर्षांनी विकणाऱ्या नातवाला तेव्हाचा भाव आज सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा आधी ठरवावे लागते की आजोबांकडे अर्धा होता की सोळांश.