कुंडीवरचा रंग आतून सुटतो

जुन्या मातीच्या कुंडीला हौसेने रंग द्यावा आणि काही महिन्यांत त्याचे पोपडे निघू लागावेत, असं झालं की बोल सहसा रंगाच्या डब्याला लागतो. डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो. आपण झाडाला घालतो ते पाणीच आतून तो रंग ढकलत असतं.

मातीची कुंडी साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. एवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना धरून बसतात, पण वितळून काचेसारखे एकजीव होत नाहीत. त्यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रं राहतात. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक छिद्रांत पाणी आपोआप ओढलं जातं त्या गुणामुळे, पाणी या छिद्रांतून बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथे त्याची वाफ होते. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागेच राहतात. जुन्या कुंडीवरचा पांढरा थर तो हाच. त्यात जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम असतं, खतांमधले क्षार असतात, कधी मूळ मातीतलेच सल्फेट असतात. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. बुडबुडे आले, तर ते कॅल्शियम कार्बोनेट आणि सुटणारा वायू कार्बन डायऑक्साइड. बाकीचे बरेचसे क्षार कुंडी पाण्यात भिजत ठेवून, पाणी बदलत राहिलं की निघतात.

अशा भिंतीवर रंगाचा घट्ट पापुद्रा चढवला की वाफेची वाट बंद होते. ओल आणि क्षार रंगाच्या मागे साठतात. छिद्रांत वाढणारे स्फटिक भोवतालच्या मातीवर दाब देतात आणि शेवटी रंग फुगून सुटतो. सुटलेला पोपडा उलटा करून पाहण्यासारखा असतो. त्याच्या पाठीला पुष्कळदा लालसर भुकटी चिकटलेली दिसते. म्हणजे रंगाने पकड सोडलेली नसते, खालची मातीच हरलेली असते.

यावर एक उपाय म्हणजे पाणी भिंतीत शिरूच न देणं. त्यासाठी जलरोधक लेप आतून द्यायचा, तळाच्या भोकाच्या कडेलाही. ही कड हमखास विसरली जाते आणि बशीतलं पाणी तिथूनच वर चढतं. लेपाआधी कुंडी पूर्ण वाळलेली हवी. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने रात्रभर लावून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. मात्र लेप दिलेल्या कुंडीची भिंत हवा आणि ओल जाऊ देत नाही, तेव्हा पाणी कमी घालावं लागतं. निवडुंगासारख्या, ओल न सोसणाऱ्या झाडांची कुंडी मी तरी कोरीच ठेवीन.

दुसरा उपाय म्हणजे वाफ जाऊ देणारा रंग. चुन्याची सफेदी हा त्यातला जुना प्रकार. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली पेटंट घेतलेला सिलिकेट रंगही याच जातीचा. त्यातलं पोटॅशियम सिलिकेट खनिज पृष्ठभागाशी रासायनिकरीत्या जोडलं जातं, वर पापुद्रा धरत नाही.

सिमेंटच्या कुंडीचं दुखणं वेगळं. ताज्या सिमेंटचा सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) १२ ते १३, म्हणजे फार अल्कलीयुक्त असतो. एवढ्या अल्कलीत ऑइल पेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट, मऊ पडतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून जुन्या कुंडीची वरची अल्कली बरीच कमी झालेली असते. पण तिच्या भेगेत कालच भरलेलं सिमेंट ताजंच असतं, आणि रंग नेमका तिथेच बिघडतो. डागडुजीनंतर महिनाभर थांबावं, नाहीतर सरळ ॲक्रिलिक रंग वापरावा.

लोखंडी कुंडीचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून टॅनिक आम्लाचं द्रावण लावलं, की उरलेल्याचं निळसर काळं, स्थिर आयर्न टॅनेट बनतं. त्यावर प्रायमर आणि मग रंग. इथे एक सावधगिरी हवीच. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये, कारण ती धूळ श्वासातून आणि हातातोंडातून शरीरात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त इजा करते. पृष्ठभाग ओला ठेवूनच घासावा आणि निघालेला चोथा बागेच्या मातीत पडू देऊ नये.

प्लॅस्टिकच्या कुंडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्या रेणूंच्या साखळ्या तुटलेल्या असतात. बोटाने दाबताच कड मोडत असेल, तर रंगाचा खर्च वाचवावा.