उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?
'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी भरा, नाहीतर टायर फुटेल.' दर एप्रिलमध्ये हा सल्ला फिरतो. हवा फुगते हे खरंच आहे: तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने चढतो. पण गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाबाचा आकडा थंड टायरसाठी असतो, ही वाढ गृहीत धरूनच. उलट हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, रबर आतून तापतं आणि फुटण्याचा धोका वाढतो. भरधाव, भरलेल्या गाडीत तर अधिकच.

आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर सापडेल (टायरवर कोरलेला नव्हे, तो कमाल मर्यादेचा). सकाळी गाडी काढण्याआधी मोजा. पंपावर गरम टायरचा दाब जास्त दिसला, तरी हवा सोडू नका.