चकवा (शिकणाऱ्या यंत्राविरुद्धचा)

प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखून स्वतःचा खेळ बदलणाऱ्या यंत्राला अंदाजाबाहेरच्या डावांनी हरवण्याचा प्रयत्न म्हणजे चकवा. (चाकरमान्याला गावच्या वाटेवर लागतो तो चकवा वेगळा, जरी वाट चुकवणे दोन्हीकडे आहे.) ‘वेडेवाकडे खेळा, यंत्र गोंधळेल’ हा सल्ला मुंबईत व्हिडिओ गेम पार्लरपासून बुद्धिबळाच्या पटापर्यंत कुठेही ऐकायला मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

हे समजायला एकी-बेकी पुरते. चाळीच्या गॅलरीत बसून एकाने मुठीत चिंचोके धरायचे, दुसऱ्याने सम की विषम ते ओळखायचे. अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड हॅगलबार्गर यांनी याच जातीचा खेळ खेळणारे यंत्र बांधले. माणसांविरुद्धच्या ९,७९५ डावांपैकी त्याने ५,२१८ जिंकले. तिथलेच गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचे १९५३चे यंत्र त्याहून साधे होते. जिंकल्यावर किंवा हरल्यावर खेळाडू तीच निवड ठेवतो की बदलतो, एवढेच ते आठ प्रकारच्या प्रसंगांत लक्षात ठेवी. एकाच प्रसंगात माणूस दोनदा सारखा वागला की तिसऱ्यांदाही तसाच वागेल असे धरी, नाहीतर स्वतःच अंदाधुंद निवड करी. एवढ्यावर माणसे हरत, कारण माणसाला अंदाधुंद वागता येत नाही. दोनदा एकी धरली की तिसऱ्यांदा हात आपोआप बेकीकडे जातो.

शॅनन यांचा हिशेब इथे महत्त्वाचा आहे. नाणे उडवून खेळणाऱ्याला या यंत्राशी फक्त बरोबरी मिळते. यंत्राच्या स्मृतीत या क्षणी काय साठले आहे याचा हिशेब मनात ठेवणारा मात्र चारपैकी तीन डाव जिंकू शकतो, अर्थात तेवढी पाठ ठेवण्याची तयारी असेल तर.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयातूनही हेच निघते. दगड-कागद-कात्रीत तिन्ही निवडी एकतृतीयांश वेळा, कसलाही क्रम न ठेवता केल्या तर कोणतेही यंत्र सरासरीने तुमच्यावर मात करू शकत नाही. पण समोरचा सतत दगडच धरत असला, तरी तुम्हालाही त्याचा फायदा घेता येत नाही. शिवाय या खेळात तिन्ही निवडी सारख्या मोलाच्या आहेत. बुद्धिबळात तसे नाही. तिथे वजीर उगीच मारात ठेवणाऱ्याचा वजीर जातो, इतकेच. उलट यंत्रेच आता अंदाजाबाहेर खेळतात. लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या प्रणालीने जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले. खेळाडू दिवसा तिच्यातली भोके शोधत आणि ती रात्री त्यातली मोठी बुजवी.

यंत्र हरते ते वेगळ्या कारणाने. त्याने कधी पाहिलेच नाही अशा जागी त्याला नेले, तर ते शिकलेल्या खात्रीनेच चुकते. गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा वेढण्याच्या पटावरच्या खेळात काटागो ही प्रणाली माणसांपेक्षा कितीतरी वरचढ आहे. तरी २०२३मध्ये केलिन पेलरिन या हौशी खेळाडूने काटागोवरच चालणाऱ्या एका प्रणालीला १५पैकी १४ डावांत हरवले. तो वर्तुळाकार वेढा टाकी आणि यंत्राला धोका दिसतच नसे. डाव अंदाधुंद नव्हता, दर वेळी तोच होता. पुढे काटागोला या वेढ्याविरुद्ध तयार करण्यात आले, तेव्हा संशोधकांना नवे वेढे सापडले.

अमेरिकी मरीन सैनिकांचा एक किस्सा याच जातीचा आहे. चालणारी माणसे ओळखायला शिकवलेल्या टेहळणी यंत्राकडे कोणी कोलांट्या मारत, कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून गेले. यंत्राने एकालाही ओळखले नाही. गनिमी काव्याची उपमा इथे वारंवार दिली जाते आणि ती चुकीची नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की तो कावाही घाट, पाऊस आणि शत्रूचा जड सरंजाम पाहूनच लढला जाई.

यंत्राच्या बाजूची नोंदही हवी. ऑगस्ट २०२०मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने भरवलेल्या आभासी हवाई लढतींत हेरॉन सिस्टिम्सच्या प्रणालीने एफ-१६च्या अनुभवी वैमानिकाला ५-० असे हरवले. शेवटच्या फेरीत त्याने डावपेच बदलले, त्यामुळे तो अधिक वेळ टिकला, पण जिंकला नाही. प्रतिस्पर्धी नेमका कुठे आहे ही माहिती यंत्राला आयती मिळत होती, ही सवलत लहान नव्हे.

मुंबईत लढाऊ यंत्रे पाहायची तर पवईला जावे लागते. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या (स्थापना १९९८) रोबोवॉर्सला प्रचंड गर्दी होते. फिरत्या ड्रमने समोरच्याला उलथवणारी ती धुडे शिकत मात्र काहीच नाहीत. रिमोट हातात धरलेला चालक शिकतो. त्यामुळे तिथे चकवा द्यायचा तो माणसालाच, म्हणजे पहिल्या धडकेला नेहमी उजवीकडूनच येणाऱ्या चालकाला.