अंडरकोटिंग : जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा तळरंग

मोटारगाडीच्या पोटाखालच्या पत्र्याला गंज आणि खडीचा मार लागू नये म्हणून दिलेला रंग व त्यावरचा जाड लेप. मराठवाड्यातल्या गॅरेजांत याला ‘अंडरकोटिंग’ किंवा सरसकट ‘अँटीरस्ट’ म्हणतात. या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी मोडतात : कारखान्यात उघड्या बॉडीवर बसलेले मूळ थर, आणि गाडी रस्त्यावर आल्यानंतर कोणी तरी मारलेला काळा लेप. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीत हा फरक ओळखता येणे सर्वांत महत्त्वाचे, कारण मूळ थर एकदा खरवडला की परत मिळत नाही.

मूळ थर बसतात ते इंजिन, चाके, ब्रेकच्या नळ्या यांतले काहीही लागलेले नसताना. जोडून झालेली बॉडी धुऊन तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात आणि मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देतात. पूर्वी प्रायमर फवारत किंवा बॉडी त्यात बुडवत. 1960 च्या दशकात विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची रीत आली आणि 1970 च्या दशकात तिचे आजचे सुधारलेले रूप रूढ होऊ लागले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाला हे ‘सीईडी’ (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन) या नावाने ठाऊक असते. हा थर जेमतेम 20 मायक्रॉनचा (मिलिमीटरचा पन्नासावा भाग), पण सांध्यांच्या आतपर्यंत पोचतो. त्यानंतर सांध्यांत सीलर, म्हणजे फटी बुजवणारा मसाला, भरतात आणि तळावर व चाकांच्या कमानींत पीव्हीसीचा जाडसर लेप फवारून भट्टीत पक्का करतात. त्याहून जुन्या गाड्यांत त्या जागी डांबरी लेप असे, किंवा नुसता प्रायमर आणि वरून उडालेला बॉडीचा रंग.

वरचा रंग सर्वांत शेवटी मारला जाई, म्हणून त्याचे तुषार तळाच्या कडांवर पडत. काही गाड्यांचा सगळा तळच बॉडीच्या रंगाचा असे. हे तुषार कुठवर गेलेत, लेप कोणत्या कडेला संपतो, हीच त्या गाडीची जन्मखूण. अमेरिकेत 1974 मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाड्यांची पारख करताना कारखान्यातील अशा मूळ खुणांनाच मान देते. कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स गाडीची बॉडी 1953 पासून फायबरग्लासची असल्याने ती गंजत नाही, पण खालची पोलादी चौकट मात्र गंजते. पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्स गाडीचा इतिहास वेगळा आहे. 1971 च्या मॉडेलपासून तिच्या तळाला जस्ताचा मुलामा मिळाला आणि 1976 च्या मॉडेलपासून बॉडीचा पत्राच जस्तलेपित आला. ओरखडा पडला तरी लोखंडाआधी जस्त झिजते, त्यामुळे जुनी 911 घेताना साल विचारणे म्हणजे तळाची तब्येत विचारणेच.

मराठवाड्यात अशा गाड्या मोजक्याच. इथल्या माणसाने पाहिलेली त्यांच्या जवळची नातलग म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. 1961 पासून ती मद्रासला बनू लागली आणि ब्रिटनमध्ये 1962 साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स गाडी हेराल्डच्याच आखूड केलेल्या चासीवर, म्हणजे खालच्या पोलादी चौकटीवर, उभी आहे. एक मोठा फरक आहे : स्पिटफायरमध्ये चासीचे बाजूचे दांडे काढून टाकले, तो भार दाराखालच्या पट्ट्यांवर आला. त्यामुळे त्या पट्ट्या आतून गंजल्या तर गाडीचा कणाच खिळखिळा होतो.

मूळ लेप आणि नंतरचा लेप ओळखायची सोपी रीत आहे. गाडी लिफ्टवर घ्या आणि बॅटरी मारून नट-बोल्ट पाहा. बोल्टचे डोके, ब्रेकची नळी, सायलेन्सरचा हँगर हे सगळे एकसारखे काळे असेल तर लेप नंतरचा, कारण मूळ लेपाच्या वेळी हे भाग लागलेलेच नव्हते. मग चिंधी रॉकेलमध्ये भिजवून लेपाचा कोपरा चोळा. चिंधी तपकिरी-काळी झाली की डांबरी लेप समजावा. पीव्हीसी रॉकेलला दाद देत नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट पत्रा खणकन वाजतो. लेप सुटलेला असेल तिथे भद्द आवाज येतो. तिथला पोपडा पत्रीने उचलला की आत ओलसर तांबूस भुगा निघतो, आणि जवळच, नशीब असेल तर, बोटाएवढ्या जागेत गाडीचा मूळ रंग अजून चकाकत असतो.

थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ तळ खाते. मराठवाड्यात मीठ नाही, कोकणासारखी खारी हवाही नाही. इथला वैरी काळी माती. ऊस तोडणीच्या हंगामात लातूर, बीड, धाराशिवकडच्या डांबरी रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या टायरांतली ढेकळे पसरलेली असतात. एक सर आली की त्यांचा चिकटा होऊन चाकांच्या कमानींत जाऊन बसतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. वरून वाळून भेगाळली तरी पत्र्याला लागलेला भाग दिवसेंदिवस दमट राहतो. पाण्याचा फवारा मारून ती वरवर धुतली जाते, खाचेतली तशीच राहते.

अशा चिखलावरच डांबरी लेप मारणे ही इथली सर्रास चूक, आणि ती पाहून जीव तुटतो. डांबर वर्षांनुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन चिरते. चिरेतून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट नसते. दुसरी सवय जळके ऑईल फासण्याची. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला ते लावतात, तोच हात गाडीखाली फिरतो. त्यावर धूळ बसते, रबरी बुश फुगतात आणि पुढे कोणताही रंग धरत नाही.

मूळ लेप शाबूत असेल तर तो मऊ ब्रशने धुऊन तसाच ठेवावा. सुटलेल्या जागेपुरताच पोपडा काढून गंज घासावा, इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि सांध्यांत नवे सीलर भरावे. पोकळ्यांमध्ये मेणाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) लेप उत्तम : तो मऊ राहतो, चिरत नाही, तळ झाकून टाकत नाही आणि लागेल तेव्हा पुसून काढता येतो. दाराखालच्या पट्ट्यांना पाणी निथळण्यासाठी भोके असतात. लेप मारताना तीच बुजतात, म्हणून काम झाल्यावर प्रत्येक भोकातून तार घालून पाहावी.