तळ्यातल्या माशांवर सामूहिक वनहक्क: दावा कुठे अडतो?

जंगलातल्या जलाशयावर शनिवार-रविवारी शहरातून गळवाले येतात. रॉड, रील, घडीच्या खुर्च्या आणि ठेकेदाराची किंवा संस्थेची पावती. त्याच काठावर पिढ्यान्‌पिढ्या पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या पाड्यातल्या माणसाकडे कागद नसतो, म्हणून हटकला जातो तो. भांडण दोघांचं होतं आणि मधले साहेब पावती बघून निकाल देतात.

हा कागद वनहक्क कायदा २००६ खाली मिळतो. कलम ३(१)(ड) मध्ये पाणवठ्यांतले मासे हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही कायद्याच्या ‘वनजमीन’ व्याख्येत येतात, त्यामुळे ‘इथे कायदा लागत नाही’ हे तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नका. तोतलाडोह जलाशयाच्या खटल्यात पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींचे ३०५ मासेमारी परवाने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अटी घालून चालू ठेवले होते. पण ते परवाने होते. इथे आपण हक्क मागतोय, मेहेरबानी नाही.

कोण पात्र? अनुसूचित जमाती, म्हणजे महादेव कोळी, ठाकर, कातकरी, गोंड वगैरे. ढिवर-भोई यांच्यासारखे जमातीच्या यादीत नसलेले लोकही ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करू शकतात, मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवाव्या लागतात. ही ७५ वर्षं वास्तव्याची आहेत, तळ्यावरच्या कब्जाची नाहीत.

तारखांचा घोळ इथूनच सुरू होतो. २००५ची तारीख ही अर्जाची शेवटची तारीख समजून ‘मुदत संपली’ म्हणणारे कर्मचारी अजून भेटतात. दावे मागवण्याची तीन महिन्यांची मुदत असते, हे खरं. पण कारण लिहून ती वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तसा ठराव करा, नक्कल जोडा.

आता खरी अडचण. सामूहिक हक्कांच्या दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना ब. त्यात तेंदू, मोह, डिंक, चराई सगळं भरलेलं असतं आणि मासे-पाणवठ्याचा रकाना कोरा. मग मंजूर पट्ट्यात मासे येणार कुठून? त्या रकान्यात तळ्याचं, नाल्याचं, प्रत्येक डोहाचं गावातलं नाव लिहा. कुठल्या महिन्यात काय धरता तेही लिहा. पावसाच्या तोंडाला वलगणीचे मासे जिथे चढतात ती जागा नकाशात दिसलीच पाहिजे. नकाशा उन्हाळ्यात काढाल तर पाणी आटून गाळपेराची जमीन उघडी पडलेली असते. त्या रेषेवर थांबू नका, भरल्या तळ्याची हद्द दाखवा.

दुसरी चूक महागात पडते. नमुना ब ने मासे धरायचा हक्क मिळतो, पण काठावर बाहेरून कोणी यायचं, किती गळ टाकायचे, अंडी घालायच्या दिवसांत बंदी ठेवायची का, हे ठरवायचं असेल तर सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गाव परंपरेनं वापरत आलेल्या जंगलाचा, नमुना क सुद्धा भरा. कलम ५ नुसार त्या संसाधनाच्या वापरावर ग्रामसभा नियम घालू शकते. गळवाल्यांना हाकलून लावायचा हा परवाना नव्हे. बरेचसे हौशी लोक मासा धरून परत सोडतात आणि नियम सांगितला तर पाळतातही.

पुरावे किमान दोन लागतात. ‘मासेमारीचा जुना दाखला आणा’ असं सांगितलं जातं. तो कोणाकडेच नसतो, कारण तो कधी दिलाच गेला नाही. या कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये पारंपरिक मासेमारीच्या जागा हाच पुरावा मानलाय आणि नियम १२अ प्रमाणे ठरावीक कागदासाठी अडून बसायला समित्यांना मनाई आहे. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या वापरहक्कांच्या आणि रूढींच्या जुन्या महसुली नोंदी, काढा, तळ्याचे उल्लेख सापडतात. इतरत्र गॅझेटियर, वन विभागाची कार्य आयोजना आणि दावेदार नसलेल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब चालतात. जमीन धरणासाठी वळवली असली तरी ती कागदोपत्री वनच असते, बहुतेक वेळा. वळवल्याच्या आदेशातली अट वाचून घ्या.

बाकी वाट ठरलेली: वनहक्क समिती, ग्रामसभा, प्रांतांची उपविभागीय समिती, कलेक्टरांची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि त्यात एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या. तळं चार पाड्यांचं असेल तर चारही समित्यांनी एकत्र बसून हद्द लिहून घ्या. नाहीतर शेजारच्या पाड्याची हरकत येते आणि फाइल वर्षभर हलत नाही.

स्थळपाहणीला वनपाल येत नाहीत, हे नेहमीचंच. त्यांना लेखी कळवा, पोच घ्या. ‘पाहणीला आमचा माणूस हजर नव्हता’ अशी हरकत खात्याने नंतर घेतली तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

फेटाळलं तर कारणासह लेखी मागा, आणि लगेच. अपिलाचे ६० दिवस निर्णयापासून मोजतात, पत्र पाड्यावर पोचल्यापासून नव्हे. समितीला वाटलं तर आणखी ३० दिवस देता येतात. जिल्हास्तरीय समितीनेही नाकारलं, तर महाराष्ट्रातल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांत २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाता येतं. तिथे बदललेला नकाशा नेऊ नका. पहिल्या दाव्यातलाच नकाशा, त्याच डोहांच्या नावांसकट, न्या.