बोल्ट अंधारात तपासला होता का?

फराळाची ताटं आवरून झाल्यावर मित्राने मला गॅरेजमध्ये नेलं, कामाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर दोन काळ्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या. "पंचवीस वर्षं क्वालिटीत काढलीस ना? यातलं महाग कुठलं, सांग बघू."

कराडला आम्ही एकाच बॅचला मेकॅनिकल केलं. तो टेक्सासात स्थिरावला, मी भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांची फोर्जिंग, म्हणजे धातू ठोकून घडवलेले भाग, तपासत राहिलो. तिकडे त्याला नेमबाजीचा नाद लागला. टॉवेलवर होते ते एआर-१५ जातीच्या रायफलचे दोन 'अप्पर'. अप्पर म्हणजे रायफलचा वरचा भाग: नळी, बोल्ट, बोल्टला वागवणारा कॅरिअर, आणि हे सगळं ज्यात बसतं ते ॲल्युमिनियमचं घर. ट्रिगर, मूठ, मॅगझिनची जागा हे सगळं खालच्या 'लोअर'मध्ये. दोन पिना ढकलल्या की दोन्ही वेगळे.

मी दोन्ही उचलून, फिरवून पाहिले. वजन सारखं, काळेपणा सारखा. दोन्हींच्या अंगावर फोर्जिंगची खूणही एकच, चावीच्या भोकासारखी. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होती आणि ती कुठल्याची हे मला सांगता येईना. मित्र मनापासून हसला.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अनुक्रमांक लागतो तो लोअरला, त्यामुळे 'बंदूक' ठरतो तो लोअर. अप्पर मोटारसायकलच्या स्पेअरसारखा घरपोच येतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, तेव्हा हा विषय इथे वाचण्यापुरताच.) युजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत असताना या रायफलची वायूवर चालणारी यंत्रणा शोधली, तिचं पेटंट १९६० मध्ये मिळालं आणि १९७७ मध्ये संपलं. तेव्हापासून हा माल कुणीही बनवू शकतो, आणि बरेच जण बनवतातही. लष्करी ड्रॉइंगांचा संच मात्र बाजारात खुला नव्हता. म्हणून जाहिरातीत 'मिल-स्पेक', म्हणजे लष्करी मापदंडाचा माल, असं वाचलं की मी आधी विचारतो, नक्की कुठला भाग? ॲल्युमिनियम लष्करी प्रतीचं आणि बोल्ट भलताच, असं सर्रास असतं.

एकसारख्या खुणेचं कोडं सोपं आहे. अप्परचं घर ठोकून काढायला मोठे हॅमर, महागडे डाय आणि उष्मोपचाराच्या भट्ट्या लागतात. हा पसारा मोजक्याच फोर्ज कंपन्यांकडे आहे, आणि चावीच्या भोकाची खूण त्यातल्या सेरो फोर्जची. हे फोर्जिंग अनेक ब्रँड विकत घेतात आणि पुढचं मशिनिंग स्वतः करतात किंवा तेही बाहेरून करून घेतात. चाकणला यात कुणाला नवल वाटणार नाही. एकाच फोर्जमधला स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांखाली गेलेला मी पाहिला आहे.

या ॲल्युमिनियमची मात्र गोष्ट आहे. ७०७५ नावाचा हा मिश्रधातू, त्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त. जपानच्या सुमितोमोने १९३० च्या दशकात तो गुपचूप तयार केला आणि झिरो या लढाऊ विमानात वापरला. हाती लागलेल्या जपानी विमानांचे तुकडे तपासून अमेरिकेच्या अल्कोआने १९४३ मध्ये त्याची नक्कल केली. शिड्यांच्या कामातल्या ६०६१ ॲल्युमिनियमपेक्षा तो जवळजवळ पावणेदोनपट ताण सहन करतो. वरचा काळा थर रंगाचा नसतो. ते हार्ड ॲनोडायझिंग: सुमारे ५० मायक्रॉनचा थर, निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर. म्हणजे टाकीत बुडवून काढलेला जॉब प्रत्येक बाजूने २५ मायक्रॉन फुगून येतो. ही फूग मशिनिंगच्या वेळी हिशेबात धरली नाही, तर नळी बसायची जागा घट्ट होते. हिशेब उलट बाजूला चुकला तर नळी खुळखुळते. पण एवढ्या जुन्या डिझाइनमध्ये हा हिशेब बहुतेकांना जमतो. घरावरून किंमत ठरवायला जाल तर फसाल.

"आता बोल्ट काढ," मी म्हणालो.

बोल्ट अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. पुढच्या टोकाला फुलासारखे सात दात, आठव्या जागी काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर. बोल्ट पुढे जातो, साडेबावीस अंश फिरतो आणि त्याचे दात नळीमागच्या दातांआड अडकतात. मग गोळी उडते. या रायफलच्या .२२३ काडतुसाचा कमाल दाब ५५,००० पीएसआयच्या घरात असतो. गाडीच्या टायरमध्ये आपण बत्तीस भरतो, म्हणजे हा दाब त्याच्या सतराशेपट. हा सगळा मार पेलायचा तो या सात दातांनी, तोही हजारो वेळा, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असताना.

इथे तुटणं एका फटक्यात होत नाही. आधी एक्स्ट्रॅक्टरलगतच्या दाताच्या मुळाशी, नाहीतर बोल्टला फिरवणाऱ्या कॅम पिनच्या भोकाजवळ, जिथे धातू सर्वांत कमी उरलेला असतो, तिथे केसाहून बारीक तडा जातो. प्रत्येक गोळीबरोबर तो थोडा पुढे सरकतो. लष्करी बोल्टसाठी कारपेंटर १५८ हे पोलाद ठरलेलं आहे, बरेच जण ९३१० वापरतात. चांगलं तापवलं-विझवलं तर दोन्ही उत्तम. त्यावर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक छर्‍यांचा मारा. पाट्याच्या स्प्रिंगांवर आपल्याकडे करतात तेच. पृष्ठभाग दाबला गेला की तड्याला तोंड उघडणं जड जातं.

पण तडा मुळातच असेल तर? त्यासाठी आमच्या कारखान्यात एक काळोखी खोली होती. तिला सगळे 'मॅग्नाफ्लक्स' म्हणायचे. जॉब चुंबकित करायचा, त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचं पाणी सोडायचं आणि दिवा घालवून जांभळ्या अतिनील प्रकाशात पाहायचं. धातू सलग असेल तर चुंबकीय रेषा आतून निमूट जातात. तडा असेल तिथे त्या बाहेर फुगतात आणि कणांना ओढून घेतात. काळ्या जॉबवर एकदम हिरवी रेघ पेटते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातानेच पुसून बघितली होती. पुसली, पुन्हा कण सोडले, पुन्हा तिथेच उगवली.

चांगल्या बोल्टची वाट अशी: आधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं प्रूफ काडतूस उडवायचं, मग या काळोख्या खोलीत न्यायचं. क्रम महत्त्वाचा आहे. जादा दाबाने लपलेला तडा उघडतो, मग तो दिसतो. काही निर्माते हे प्रत्येक बोल्टला करतात आणि त्यावर 'एमपी' अक्षरं उमटवतात. काही जण शंभरातले दोन-चार तपासून लॉट पास करतात. काही जण तेही करत नाहीत. किमतीतला बराचसा फरक इथे जातो आणि हातात घेऊन तो कळत नाही. नुसत्या तपासणीचा खर्चही फार नाही. खर्च असतो हिरवी रेघ दिसल्यावर तो जॉब फेकून देण्याचा. महिनाअखेरीला, डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना लॉट अडवला की वरून काय ऐकावं लागतं ते मला पाठ आहे.

मित्राकडच्या एका बोल्टवर एमपी होतं, दुसरा कोरा.

कॅरिअरच्या डोक्यावर वायू आत घेणारी छोटी नळकांडी असते, गॅस की. ती दोन स्क्रूंनी बसवतात. हे स्क्रू जरा जरी सैल झाले तरी वायू फटीतून निसटतो आणि रायफल अडखळायला लागते. म्हणून बाजूचा धातू पंचने ठोकून स्क्रूच्या डोक्यावर ढकलतात. याला स्टेकिंग म्हणतात. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. एकावर धातू खोल सरकून स्क्रूच्या दातेरी कडेत घुसला होता. दुसऱ्यावर पंचचे नुसते टिकले होते, कुंकू लावल्यासारखे, धातू हललेलाच नाही. कारागिराने एक जादा फटका मारला असता तर भागलं असतं. गंमत म्हणजे टिकलेवाला अप्पर महागडा निघाला. एमपीची अक्षरंही त्याच्याच बोल्टवर होती.

स्वस्तातल्या अप्परची खरी मेख वेगळीच असते आणि ती मला फार हुशारीची वाटते. नळीला वरून दीड-दोन मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून थोडा वायू मागे येऊन बोल्ट फिरवतो. गिऱ्हाईक कुठलं काडतूस वापरेल याचा भरवसा नाही, हलकं वापरलं तर रायफल अडेल आणि माल परत येईल. मग भोकच थोडं मोठं पाडायचं! पहिल्या दिवशी रायफल लोण्यासारखी चालते, गिऱ्हाईक खूश. पण बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे फेकला जातो, पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, चिकटलेली असतानाच ओढली जाते, दात लवकर थकतात. पहिल्या दिवशी गुण दिसतो तोच दोष असतो. याच रायफलची लष्करी आवृत्ती असलेल्या एम-१६ मध्ये हे भोक मागच्या टोकापासून साधारण ३३ सेंटिमीटरवर, आखूड एम-४ मध्ये साधारण २० वर आहे. जितकं जवळ तितका दाब जास्त, म्हणून आखूड नळीत ही चलाखी अधिकच महागात पडते.

न दिसणाऱ्या गोष्टींची मोठी किंमत अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मोजली. एम-१६ तिथे पोचली तेव्हा तिच्या चेंबरला क्रोमचा थर नव्हता. दमट हवेत चेंबर गंजायचं, खड्डे पडायचे, तापलेली पुंगळी फुगून त्यात रुतायची. त्यात काडतुसातली दारू बदलली होती. नव्या दारूने रायफलचा गोळ्या झाडण्याचा वेग वाढला आणि तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटने वायूची नळी तुंबू लागली. भरीला, या रायफलला सफाई फारशी लागत नाही असा समज, त्यामुळे सफाईचं सामानही अपुरं. १९६७ च्या वसंतात खे सान्हच्या टेकड्यांवरच्या लढाईत सैनिक सफाईचा गज नळीत घालून पुंगळ्या बाहेर ढकलत होते, समोरून गोळीबार चालू असताना. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली आणि चेंबरला क्रोम आलं. पुढे पूर्ण नळीलाच आलं. बाहेरून पाहिलं तर आधीची आणि नंतरची रायफल जुळ्या बहिणी.

क्रोमलाही दुसरी बाजू आहे. थर सगळीकडे अगदी सारखा बसत नाही, त्यामुळे स्पर्धेतले नेमबाज बहुधा बिनक्रोमची स्टेनलेस नळी पसंत करतात. तिचं आयुष्य कमी, नेम बारीक. तेव्हा 'चांगली नळी कुठली' याला उत्तर देण्याआधी कशासाठी हवी ते विचारावं लागतं.

निर्मात्यांची खरी तुलना एकदाच बघायला मिळते: ड्रॉइंग एक आणि कारखाने अनेक असतात तेव्हा. १९६८ मध्ये आधीपासून एम-१६ बनवणाऱ्या कोल्ट कंपनीखेरीज एम-१६ बनवायचं काम मिळालेल्या दोघांपैकी एक होता जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग, जो एरवी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायचा. आमच्या धंद्याला त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. गेज, फिक्स्चर आणि तपासणीची शिस्त असली की गिअर काय आणि बोल्ट काय. १९८८ मध्ये एम-१६ चं आणि २०१३ मध्ये एम-४ चं मोठं कंत्राट एफएन या मूळच्या बेल्जियन कंपनीकडे गेलं, आणि कोल्टचा बोल्ट एफएनच्या नळीत बसत राहिला. सुटे भाग असे अदलाबदल करता यावेत ही हाव जुनी आहे. १७८५ मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लांक या बंदूक-कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग ढिगांत मांडले होते आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने हाताला येतील ते उचलून स्वतः जोडून पाहिले होते.

मित्राचं म्हणणं, त्याने स्वस्त अप्परमधून तीनशे गोळ्या उडवल्या, एकदाही अडला नाही, मग महागडा कशाला? इथे आमचा जुना हिशेब कामी येतो. तीनशे वेळा एकही बिघाड नाही, तर तीनाला तीनशेने भागा. बिघाडाचं खरं प्रमाण शंभरात एकापर्यंत असू शकतं, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. हजारात एकाची ग्वाही हवी तर तीन हजार गोळ्या बिनबोभाट जायला हव्यात, त्याही एकाच रायफलमधून, आणि त्या कंपनीच्या बाकीच्या रायफलींबद्दल मौनच. नेमाचंही तसंच. तीन गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत पडल्या की फोटो काढला जातो. त्याच नळीतून दहा गोळ्या मारा, वर्तुळ बहुतेक वेळा मोठं होतं आणि फोटो कुणी काढत नाही.

शेवटी त्याने महागडा परत पाठवला नाही, पंच घेऊन त्याचे स्क्रू स्वतःच स्टेक केले. मी टॉर्च धरला. स्वस्त अप्परसाठी एमपी खुणेचा एक सुटा बोल्ट मागवला. तो आला तेव्हा मी पुण्याला परतलो होतो, म्हणून त्याने व्हिडिओ कॉल लावला. नवा बोल्ट जुन्या नळीत नुसता सरकवून चालत नाही. बोल्टचा चेहरा आणि चेंबरचा खांदा यांच्यातलं अंतर मोजावं लागतं, आणि ते मोजायला आपल्याकडच्यासारखेच दोन गेज, गो आणि नो-गो: गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर अडायला हवा, फरक इंचाच्या काही हजाराव्या भागाचा. गो घातला, बोल्ट फिरून बंद झाला. नो-गो घातला.

"अडला," तो म्हणाला.

"जोर नको लावूस. काढ बाहेर, पुसून डबीत ठेव."