कॅस्पेज-३ आणि कॅस्पेज-१४ : आडनाव एकच, पण काम?

कॅस्पेज हा शब्द दिसला की आपल्या डोक्यात लगेच "पेशी मारणारं एन्झाइम" असंच येतं, आणि त्यात नवल नाही कारण पुस्तकात ते पहिल्यांदा भेटतं तेच मुळी ॲपॉप्टोसिसच्या, म्हणजे पेशी स्वतःला शिस्तीत संपवते त्या प्रक्रियेच्या, धड्यात. मग कधीतरी त्वचेबद्दल वाचताना कॅस्पेज-१४ समोर येतं आणि आपण धरून चालतो की हे पण तेच, फक्त कातडीतलं. मी पण बरेच दिवस तसंच धरून चालले होते. खरंतर या दोघांची तुलना केली की पेशीचं मरण म्हणजे काय याबद्दलच नव्याने विचार करावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नावाचं बघू. प्रोटीन कापण्याचं काम एन्झाइममधलं सिस्टीन हे अमिनो ॲसिड करतं, आणि काप पडतो तो समोरच्या प्रोटीनमध्ये ॲस्पार्टेट नावाचं अमिनो ॲसिड असेल त्याच्या लगेच नंतर. या दोन गोष्टींवरून १९९६ साली "कॅस्पेज" हे नाव ठरलं. पुढचा आकडा साधारण ओळख पटली त्या क्रमाने मिळालेला आहे, त्यात लहानमोठेपणा काही नाही, १४ नंबरची माहिती १९९८ साली पुढे आली इतकंच. म्हणजे हे नाव कात्री कशी आहे ते सांगतं, ती कोणतं कापड कापते आणि कशासाठी ते सांगत नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कॅस्पेज-३ आपल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं, पण झोपलेल्या अवस्थेत. २७७ अमिनो ॲसिडचं हे प्रोटीन. पेशीला बाहेरून मरणाचा सिग्नल आला तर कॅस्पेज-८ त्याला जागं करतं, आतूनच काही बिघडलं आणि मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाघरातून) सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर पडलं तर कॅस्पेज-९. दोघंही त्याला मधोमध एका ॲस्पार्टेटनंतर कापतात, साधारण १७ आणि १२ किलोडाल्टनचे (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) दोन तुकडे होतात, आणि मग ते सुटतं. शेकडो प्रोटीन्स कापतं. त्यातलं एक प्रोटीन डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवत असतं, ते कापलं गेलं की डीएनएचे साधारण १८० बेसच्या पटीत तुकडे पडतात, लॅबमध्ये हे तुकडे जेलमधून आकारानुसार वेगळे केले की शिडीसारखे पट्टे दिसतात ते हेच. पेशी आकसते, तिच्या छोट्या पिशव्या होतात, शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात आणि काही तासांत मागे काहीच उरत नाही.

आता कॅस्पेज-१४. हे आकाराने थोडं लहान, २४२ अमिनो ॲसिडचं, जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर (३ चं जीन ४ वर). आणि हे सगळीकडे नसतं. मुख्यतः त्वचेच्या बाहेरच्या थरात, त्यातही वरच्या भागात, शिवाय केसांच्या मुळांसारख्या मोजक्या जागी. त्वचेतली केराटिनोसाइट पेशी सगळ्यात खालच्या थरात जन्मते आणि पुढचे काही आठवडे हळूहळू वर सरकत राहते, वाटेत केराटिन नावाच्या धाग्यांसारख्या प्रोटीनने भरते, भोवती चिवट कवच बांधते, न्यूक्लियस गमावते आणि शेवटी चपटी, मेलेली, पण जागच्या जागी घट्ट बसलेली पेशी होते. इथे मुद्दा नीट लक्षात घ्या, ही मेलेली पेशी कोणी गिळत नाही, कारण तिचं खरं काम मेल्यावरच सुरू होतं. आपण हात लावतो ती त्वचा म्हणजे अशाच पेशींचे थर, आणि पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचं काम मुख्यतः तेच करतात.

या सगळ्या प्रवासात कॅस्पेज-३ ची गरज पडत नाही. पण उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच केराटिनोसाइटचा डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की ती ॲपॉप्टोसिसने जाते आणि तेव्हा कॅस्पेज-३ जागं होतं, मायक्रोस्कोपखाली अशा पेशींना सनबर्न सेल म्हणतात. म्हणजे एकाच थरात, एकाच प्रकारच्या पेशीत दोन्ही मरणं दिसू शकतात, एक अपघाताचं आणि एक जन्मापासून ठरलेलं. मला तरी दोघांतला फरक समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

सगळ्यात मजेदार भाग म्हणजे १४ जागं कसं होतं. ८ आणि ९ वाली नेहमीची साखळी इथे चालत नाही. मानवी त्वचेतून तयार झालेलं कॅस्पेज-१४ काढून बघितलं तर ते १५२ व्या जागी आयसोल्युसिननंतर कापलेलं निघालं, ॲस्पार्टेटनंतर नाही! ज्या घराण्याची ओळखच ॲस्पार्टेटवरून, त्यातलं हे एन्झाइम भलत्याच ठिकाणी कापलं जाऊन जागं होतं. पुढे असंही दिसलं की त्वचेतलंच कॅलिक्रेन-७ नावाचं वेगळ्या जातीचं प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) आधी त्याला १७८ व्या जागी टायरोसिननंतर कापतं, त्यातून एक अर्धवट जागं रूप तयार होतं आणि ते रूप मग बाकीच्या कॅस्पेज-१४ ला १५२ वर कापतं. टेस्टट्यूबमध्ये तर सोडियम सायट्रेटसारखं मीठ भरपूर घातल्याशिवाय हे नीट कामच करत नाही, ३ चे असले नखरे नाहीत.

मग जागं झाल्यावर कापतं काय? मुख्य नाव फिलॅग्रिन. पेशीत आधी प्रोफिलॅग्रिन नावाचं ४०० किलोडाल्टनपेक्षा मोठं प्रोटीन बनतं, त्यात फिलॅग्रिनची १० ते १२ युनिट एकापुढे एक जोडलेली असतात. ती सुटी झाली की केराटिनचे धागे घट्ट एकत्र बांधतात, आणि पेशी अजून वर गेली की फिलॅग्रिनचाच पार अमिनो ॲसिडपर्यंत चुरा होतो. हा चुरा वाया जात नाही, तोच पाणी धरून ठेवतो, क्रीमच्या डब्यांवर नॅचरल मॉइश्चरायझिंग फॅक्टर लिहिलेलं असतं ना, त्याचा मोठा भाग हाच. यातल्या हिस्टिडिनपासून युरोकॅनिक ॲसिड बनतं आणि ते यूव्ही शोषून घेतं. कॅस्पेज-१४ या चुरा करण्यात लागतं, पण एकटं नाही, कॅल्पेन-१ आणि ब्लिओमायसिन हायड्रोलेज ही एन्झाइम पण सोबत असतात, त्यामुळे "१४ म्हणजेच मॉइश्चर" असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट आहे.

दोघांतला फरक उंदरांत फार स्पष्ट दिसतो. कॅस्पेज-३ काढून टाकलेल्या उंदरांत, ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या मेंदूत शिल्लक राहिल्या, मेंदूची रचना बिघडली आणि पिल्लं जन्मानंतर काही आठवड्यांतच गेली. कॅस्पेज-१४ नसलेले उंदीर मात्र जगतात, वाढतात. त्यांच्या त्वचेत कुठेही जादा पेशींचा ढीग साचत नाही, पण ती चकचकीत आणि जाडसर दिसते, तिच्यातून पाणी जास्त उडतं, फिलॅग्रिनचे अर्धवट तुकडे साठतात आणि यूव्हीबीने नुकसान जास्त होतं. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. माणसांतही २०१७ मध्ये जन्मजात इक्थिओसिसच्या, म्हणजे त्वचेवर खवले येणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांत या जीनमधलं म्युटेशन सापडलं. आणि डॉल्फिनमध्ये तर हे जीन उत्क्रांतीतच हरवलंय, आता सतत पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला कोरड्या हवेसाठीची ही सोय कशाला लागेल असा अंदाज सहज येतो.

सोरायसिस या त्वचेवर पापुद्रे येणाऱ्या आजाराबद्दल थोडक्यात, तिथे वरच्या पेशींत न्यूक्लियस शिल्लक राहतो आणि अशा जागी कॅस्पेज-१४ कमी दिसतं. लॅबमध्ये वाढवलेल्या केराटिनोसाइटमध्ये व्हिटॅमिन डी ने ते वाढतं, रेटिनॉइडने (व्हिटॅमिन ए च्या नात्यातल्या रसायनांनी) कमी होतं. म्हणून त्वचेच्या बाबतीत "कॅस्पेज वाढलंय" एवढंच वाक्य वाचून वाईट झालं की चांगलं ते ठरवता येत नाही, ३ वाढलं असेल तर पेशी मरतायत आणि १४ वाढलं असेल तर बहुतेक पेशी नीट पिकतायत.

जे लॅबमध्ये काम करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. दोघांचाही मोठा तुकडा १७ किलोडाल्टनच्या आसपास येतो, त्यामुळे नुसत्या बँडच्या उंचीवर जाऊ नका, अँटिबॉडी कोणाची आहे ते बघा. आणि बाजारातली बरीच "कॅस्पेज ॲक्टिव्हिटी" किट डीईव्हीडी हा चार अमिनो ॲसिडचा क्रम वापरतात, जो ३ च्या आवडीचा आहे. १४ ला डब्ल्यूईएचडी जास्त चालतो, डीईव्हीडीला ते फारसं विचारत नाही. तेव्हा त्वचेच्या सँपलमध्ये डीईव्हीडीचं रीडिंग शून्य आलं तर ॲपॉप्टोसिस नाही एवढं म्हणा, कॅस्पेज-१४ झोपलंय असं त्यावरून लिहू नका.